आहार आणि नैराश्य

आहार व पोषण यांचा मनःस्थितीशी, विशेषतः नैराश्याच्या आजाराशी असलेला संबंध. हा संबंध दुहेरी आहे. निकृष्ट आहाराने मन खचते, तसेच खचलेल्या मनाने खाणे बिघडते: कोणाची भूक मरते, तर कोणी दिवसभर गोडधोड खात सुटतो. त्यामुळे निव्वळ पाहण्यांवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवता येत नाही.

उपासमार मनाचे काय करते, हे मात्र १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात स्पष्ट दिसले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी युद्धसेवेला नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते चिडचिडे व उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले. पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसत, ताटे चाटूनपुसून साफ करत. आहार वाढवल्यावरही काहींची उदासी लगेच ओसरली नाही.

ब-१२ जीवनसत्त्व, फोलेट (ब-९ जीवनसत्त्व) किंवा लोह कमी पडले तरी थकवा व उदासीनता येते. ही कमतरता रक्ततपासणीत कळते आणि भरून काढता येते. मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाचे गणित इतके सरळ नाही. ते प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून बनते खरे, पण शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असते आणि ते तिथून मेंदूत शिरत नाही. म्हणून अमुक पदार्थ खाल्ला की मन प्रसन्न होते, या दाव्यांना फारसा आधार नाही.

एकूण आहार सुधारण्याचा प्रयोग अधिक आशादायक ठरला. ऑस्ट्रेलियातील ‘स्माइल्स’ चाचणीत (२०१७) नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी एका गटाला १२ आठवडे भाज्या, फळे, कडधान्ये, मासे व ऑलिव्ह तेलावर भर असलेला आहार आखून दिला, तर दुसऱ्याला केवळ गप्पांची सोबत दिली. आजार ओसरलेले पहिल्या गटात सुमारे ३२ टक्के होते, दुसऱ्यात ८ टक्के. चाचणी लहान होती, आणि आपण काय खातो आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, हे विसरता कामा नये. गोळ्यांनी मात्र निराशा केली: ‘मूडफूड’ चाचणीत (२०१९) हजारावर लोकांपैकी सुमारे निम्म्यांना पोषकद्रव्यांच्या गोळ्या देऊनही नैराश्य टळले नाही.

आहार हा औषधे व समुपदेशनाला पूरक उपाय आहे. ज्याला अंथरुणातून उठणेही जड जाते, त्याला ‘नीट खा, बरा होशील’ असे सांगणे अन्यायाचे आहे. त्याला आयते जेवण वाढणे अधिक उपयोगी. मोनोअमाइन ऑक्सिडेज हे शरीरातील विकर (एन्झाइम) रोखणारी जुनी नैराश्यविरोधी औषधे घेणाऱ्यांनी मुरवलेले चीज टाळावे लागते, कारण त्यातील टायरामीन या द्रव्यामुळे रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर चढू शकतो.