नऊ व्होल्टच्या बॅटरीतून 180 व्होल्ट?

शेजारची मुलगी इथे ग्वाल्हेरलाच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री लॅपटॉप घेऊन आली, त्यावर सिम्युलेटर, म्हणजे सर्किट न जोडता गणितानं चालवून दाखवणारा प्रोग्रॅम, उघडलेला. "काका, बॅटरी 9 व्होल्टची आणि आउटपुट 180 व्होल्ट! कुठे चुकलं माझं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण अशाच आकड्यांवर फुकट विजेचे व्हिडिओ उभे राहतात आणि शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून हे लिहितोय.

सर्किट साधं होतं: एक बीसी 547 ट्रान्झिस्टर (त्याचे तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर), कलेक्टरला 4.7 किलोओहमचा रेझिस्टर, करंट 1 मिलिअँपिअर, बेसला इनपुट. बेसचा व्होल्टेज जरा हलला की कलेक्टरचा करंट हलतो. व्होल्टमागे करंट किती हलला, ते गुणोत्तर म्हणजे ट्रान्सकंडक्टन्स. एकक सीमेन्स, जुने लोक म्हो म्हणत, ओहम उलटा लिहून.

पण हे नातं सरळ रेषेचं नाही. बेसवर साधारण 60 मिलिव्होल्ट वाढले की करंट दहापट होतो. सपाट शहरातून आपला किल्ला जसा एकदम उभा राहतो, तसा हा ग्राफ. असली समीकरणं थेट सुटत नाहीत. सिम्युलेटर आधी एक अंदाज धरतो. त्या बिंदूवर वक्राला स्पर्शिका काढतो आणि वक्र बाजूला ठेवून त्या सरळ रेषेचंच गणित सोडवतो. उत्तर अजून चुकीचंच असतं, पण बहुधा जरा जवळ आलेलं. तिथे नवी स्पर्शिका, पुन्हा नवं उत्तर. उत्तर हलायचं थांबलं की ऑपरेटिंग पॉइंट, म्हणजे सिग्नल नसताना सर्किट जिथे स्थिरावतं ते व्होल्टेज आणि करंट, सापडला. हीच न्यूटन-रॅफसन पद्धत. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी 1973 मध्ये मांडलेला स्पाइस हा प्रोग्रॅम याच वाटेनं जातो. आणि यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी, की शेवटच्या स्पर्शिकेचा चढ म्हणजेच ट्रान्सकंडक्टन्स! शोध ऑपरेटिंग पॉइंटचा चाललेला असतो, हा आकडा वाटेतच हाती लागतो.

छोट्या सिग्नलची किती पट होते हे काढणारं एसी ॲनालिसिस पुढे हीच रेषा वापरतं, आणि तिनं तेच चालवलं होतं. रेषेला टोक नसतं. बॅटरी 9 व्होल्टची आहे हे तिला कळायचं कारण नाही. चढ 38.7 मिलिसीमेन्स, गुणिले 4700 ओहम, म्हणजे सुमारे 180 पट. तिनं इनपुटला 1 व्होल्ट लिहिला होता, म्हणून आउटपुट 180 व्होल्ट दिसला; तो 1 व्होल्ट लिहायचा तो फक्त ही पट थेट वाचता यावी म्हणून. क्षणाक्षणाला खरा वक्र वापरून गणित करणाऱ्या ट्रान्झिएंट ॲनालिसिसमध्ये खरोखर 1 व्होल्टची लहर दिली, तर तिचे माथे कापलेले दिसतात.

नुसता ट्रान्सकंडक्टन्स मोजायचा तर कलेक्टरचा रेझिस्टर काढून तिथे कलेक्टर 4.3 व्होल्टवरच (9 वजा रेझिस्टरवरचे 4.7) धरून ठेवणारा स्थिर डीसी सोर्स लावा. एसी सिग्नलला तो शॉर्टच, म्हणजे नुसती तार. कलेक्टर जागचा हलत नाही, त्यामुळे ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स मोजमापात लुडबुडत नाही. सोर्समधला एसी करंट भागिले बेसचा एसी व्होल्टेज, झालं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सिम्युलेटर आपणहून 27 अंश सेल्सिअस धरतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो. करंट 1 मिलिअँपिअरच ठेवला तर ट्रान्सकंडक्टन्स 36.5 मिलिसीमेन्सवर येतो, हे सोसण्यासारखं आहे. पण बेसचा व्होल्टेज तोच ठेवला तर करंट तिपटीच्या आसपास जातो. 9 व्होल्टवर 4.7 किलोओहममधून एवढा करंट जाऊच शकत नाही. ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो, म्हणजे पूर्ण उघडून अडकतो, आणि ॲम्प्लिफायर मुका. तिनं हे पाहिलं आणि लगेच करंट आवरायला एमिटरखाली रेझिस्टर, आणि सिग्नलची पट घटू नये म्हणून त्याला समांतर कपॅसिटर जोडायला घेतला.