मॅट की अँटी-रिफ्लेक्शन? काळ्या खिडकीची चमक घालवताना

टीव्हीच्या रिमोटच्या तोंडाशी काळपट प्लॅस्टिकची पट्टी असते. आपल्याला तिच्यापलीकडचं काही दिसत नाही, पण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश तिच्यातून आरपार जातो. ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेटमध्ये मिसळलेला रंग डोळ्यांना दिसणारा प्रकाश गिळतो आणि अवरक्त सोडून देतो.

नाशिकजवळच्या अंबडला, साचे (मोल्ड) बनवणाऱ्या एका टूलरूममध्ये असताना माझ्याकडे अशाच खिडकीचं काम आलं होतं. मागे रात्री पाहणारा कॅमेरा, पुढे काळं ॲक्रिलिक, आणि ड्रॉइंगवर एकच ओळ: ग्लॉस, म्हणजे चमक, कमी हवा. आम्ही साच्याचे दोन्ही भाग, म्हणजे आतली बाजू घडवणारा कोअर आणि बाहेरची घडवणारी कॅव्हिटी, यांना स्पार्क फिनिश दिलं, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी पृष्ठभाग खडबडीत केला. चमक गेली, पण कॅमेऱ्यातलं चित्रही धुक्यात गेलं. मोल्ड पुन्हा पॉलिशला टाकावा लागला. त्या दिवसापासून मॅट आणि अँटी-रिफ्लेक्शन हे शब्द कुणी एकाच अर्थाने वापरले, की मी काम तिथेच थांबवून विचारतो, नक्की काय हवंय?

गुळगुळीत ॲक्रिलिकवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फिरतो, पॉलीकार्बोनेटवर ५ टक्के. अँटी-रिफ्लेक्शन थर हे परत फिरणंच कमी करतो. त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या हिशोबाने ठेवली, की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर हिरव्या प्रकाशासाठी साधारण १०० नॅनोमीटर लागतो, ९४० साठी १७० च्या आसपास. १९३५ साली झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांसाठी असे थर बसवले. काचेवर हा थर पक्का होण्यासाठी तापमान ३०० अंशांच्या जवळ न्यावं लागतं आणि ॲक्रिलिक तर शंभरीतच मऊ पडतं. म्हणून प्लॅस्टिकला वेगळे थर, वेगळी भट्टी आणि वेगळा खर्च.

मॅट फिनिश परत फिरणारा प्रकाश कमी करत नाही, फक्त विखुरतो. पहाटे गंगापूर धरणाचं पाणी निवांत असतं तेव्हा काठावरची झाडं त्यात जशीच्या तशी उमटतात. वारा सुटला की प्रतिबिंब मोडतं. पाण्याने परत केलेला प्रकाश तेवढाच असतो, पण दहा दिशांना जातो. ग्लॉसमीटरला हा फरक कळत नाही. तो ठरावीक कोनात परत आलेला प्रकाश मोजतो, त्यामुळे थर दिला तरी आकडा उतरतो आणि मॅट केलं तरी उतरतो. नुसता ग्लॉसचा आकडा लिहिलेलं ड्रॉइंग म्हणूनच अपुरं.

मग मॅट केलं की चित्र बिघडणारच का? नाही, आणि मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. मॅट पृष्ठभाग म्हणजे बारीक खळगे. परत फिरणारा किरण खळगा उतरतो आणि पुन्हा चढतो, म्हणजे खोलीचा फरक त्याला दुप्पट लागतो. आरपार जाणाऱ्याला फक्त प्लॅस्टिक आणि हवेच्या अपवर्तनांकातला फरक लागतो, म्हणजे अर्ध्यापट. एकच खडबडीतपणा परावर्तनाला चौपट जाणवतो. शिवाय आपल्या डोळ्यांना चमक ५५० नॅनोमीटरच्या आसपास दिसते आणि कॅमेरा ९४० वर बघतो. लाट जितकी लांब, तितका तिला तोच खळगा उथळ.

आकड्यात सांगतो. पृष्ठभागाची सरासरी खोली ०.१ मायक्रॉन ठेवली, तर समोरून आरशासारखं परतणारं १ टक्काही उरत नाही, पण त्याच पृष्ठभागातून ९४० चा सुमारे ९० टक्के प्रकाश सरळ जातो. खोली ०.४ केली, म्हणजे स्पार्क फिनिशचा खडबडीतपणा मोजणाऱ्या व्हीडीआय मोजपट्टीवर १२, तर सरळ जाणारा प्रकाश पाचव्या हिश्शाच्याही खाली येतो. आमची चूक नेमकी इथेच झाली होती, आणि तीही दोन्ही बाजूंना.

खरं तर आतल्या बाजूला हात लावायची गरजच नव्हती. मागच्या पृष्ठभागावरून परतणारा दिसणारा प्रकाश वाटेतच रंगात मुरतो, बघणाऱ्याला चमक दिसते ती फक्त पुढच्या पृष्ठभागाची. म्हणून बाहेर बारीक मॅट, आत डायमंड पेस्टचं मिरर पॉलिश. पुढच्या खेपेला आम्ही असंच केलं. खर्च परवडत असेल तर आत ९४० चा अँटी-रिफ्लेक्शन थरही द्यावा, त्याने वाया जाणारे ४ टक्के वाचतात. खिडकीमागे कॅमेरा नसून नुसता रिमोटचा रिसीव्हर असेल, तर एवढी काळजी नको. त्याला चित्र लागत नाही, थोडा विखुरलेला प्रकाशही चालतो.

मॅटची एक मर्यादा आहे. तिरकं पाहिलं की तीच खिडकी पुन्हा चमकते, कारण तिरक्या किरणाला खळगे उथळ भासतात. मॅट पृष्ठभागासाठी ग्लॉसमीटर ८५ अंशांवर लावतात तो त्यासाठीच. प्लॅस्टिकच्या कच्च्या दाण्यातच मॅटिंग पावडर मिसळायचा सल्लाही कुणी देईल. कॅमेऱ्याच्या खिडकीला तो घेऊ नका. पृष्ठभागावर प्रकाश एकदा विखुरतो, पावडरीने तो पूर्ण जाडीभर विखुरत राहतो.

चित्र धूसर येत असेल, तर मोल्ड उतरवण्याआधी खिडकीच्या मॅट बाजूला खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा. तेलाचा अपवर्तनांक ॲक्रिलिकच्या अगदी जवळचा असल्याने खळगे भरून निघतात. चित्र स्वच्छ झालं तर दोष फिनिशमध्ये आहे, मोल्ड पॉलिशला पाठवा. तसंच धूसर राहिलं तर आधी आतली बाजू तशीच तपासा, आणि तीही निर्दोष निघाली तर दाण्याचं पोतं बघा.