मुक्कामाची सुरी (खानदेश)

मुक्कामाची सुरी : शेतावर, जत्रेच्या तळावर किंवा डोंगरात रात्र काढताना भाजी-मांस चिरण्यासाठी आणि लाकडाच्या किरकोळ कामासाठी जवळ ठेवायची, न मिटणाऱ्या पात्याची सुरी. हिचे पाते आणि मुठीत शिरणारे पोलाद एकसंध असते. मधे बिजागर नसते. या वस्तूला मराठीत रूढ असे स्वतंत्र नाव नाही. खानदेशातही ती वेगळी वस्तू म्हणून फारशी ओळखली जात नाही. तिची कामे विळा, विळी आणि कुऱ्हाड यांत वाटलेली असतात. दुकानात ती ‘कॅम्पिंग नाइफ’ या नावाने येते. येथे सोयीसाठी मुक्कामाची सुरी असे म्हटले आहे. विवेचन जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरते आहे.

संज्ञा : सुरा व सुरी हे शब्द संस्कृत क्षुर, क्षुरिका यांवरून आले आहेत. ‘क्ष’चा प्राकृतात ‘छ’ आणि त्या ‘छ’चा मराठीत ‘स’ होणे हा नेहमीचा क्रम आहे. ऋक्ष–रिच्छ–रीस ही त्याची दुसरी साखळी. मत्स्य–मच्छ–मासा यातही ‘छ’ अशाच वाटेने गेला आहे. हिंदीत मात्र ‘छ’ टिकला आणि छुरी झाली. अहिराणीतला ‘शे’ आणि गुजरातीतला ‘छे’ (= आहे) शेजारी ठेवले, की हा भेद तापीच्या खोऱ्यात अजूनही कानावर येतो. गंमत अशी, की त्याच क्षुर कुळातल्या क्षुरप्र या शब्दापासून खुरपे आले, आणि तेथे ‘क्ष’चा ‘ख’ झाला. एका शब्दकुळाची दोन अवजारे, पण ध्वनींच्या वाटा दोन. खुरपे हा शब्द अवजाराबरोबर दुसऱ्या प्राकृत प्रदेशातून आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. चाकू हा फार्सीतून आलेला, मुळात बहुधा तुर्की, शब्द. जुन्या वापरात चाकू म्हणजे मिटणारा आणि सुरी म्हणजे न मिटणारी, असा भेद बऱ्याच अंशी पाळला जाई. आज तो पुसट झाला आहे. विळ्याला खानदेशच्या बोलींत ‘इया’ म्हणतात, कारण या बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो (डोळा–डोया).

धार लावण्याला येथे ‘पाजवणे’ म्हणतात. या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती संभवतात. पहिली पाजणे (पिण्यास देणे) या क्रियापदावरून : तापलेल्या पोलादाला पाणी ‘पाजतात’ (म्हणजे ते विझवून कठीण करतात), आणि संस्कृतातही शस्त्राला पाणी देण्याला पान, पायन असे शब्द आहेत. दुसरी पाजळणे, म्हणजे प्रज्वल्, यावरून : पाते उजळते, लखलखते. निसण्यावर (धारेच्या दगडावर) सुरी घासताना पाणी पाजण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून दुसरी व्युत्पत्ती वरवर सोपी वाटते. परंतु नांगराचा फाळ किंवा हंगामापूर्वी विळे ‘पाजवून’ आणणे म्हणजे नुसते घासणे नव्हे. लोहार तोंड तापवतो, ठोकून पातळ करतो आणि पुन्हा पाणी देतो. शब्दाचा मूळ अर्थ हा असेल तर पहिल्या व्युत्पत्तीकडे झुकणे योग्य ठरते. दगडावरच्या धारेसाठी तो नंतर वापरात आला असावा.

प्राचीन पुरावा : खानदेशातील सर्वांत जुनी पाती दगडाची आहेत. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शां. अ. साळी यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगाची, जास्पर व कॅल्सेडनी या दगडांची पाती मिळाली. तेथील शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे कार्बन-१४ मापन सु. २५,००० वर्षांपूर्वीचे दाखवते. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे (ता. शहादा) येथे बा. कृ. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाणयुगीन थरांत कॅल्सेडनीची समांतर कडांची छोटी पाती आढळली. गिरणेकाठच्या बहाळ येथेही याच परंपरेचे अवशेष आहेत. या थरांचा आरंभ सामान्यतः इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात ठेवतात.

ही पाती काढण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. गाभ्याच्या दगडावर आधी दोन्ही बाजूंनी टवके काढून एक वाकडीतिकडी कणा-रेषा तयार करीत. त्या रेषेवर दाब किंवा आघात दिला की तिला धरून लांब, सरळ पाते सुटे, आणि त्याच्या खुणेशेजारून पुढची पाती एकामागून एक निघत. अशी बोटाएवढी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत राळेने बसवीत असत. म्हणजे पाते व मूठ हा जोड लोखंडापेक्षा पुष्कळ जुना आहे. प्रकाशे येथे लोखंड पुढच्या कालखंडात, वस्तीत मधे पडलेल्या खंडानंतर, दिसते. त्यानंतर घरगुती सुरीचा माग विरळ होत जातो. लोखंड गंजते आणि मोडके पाते पुन्हा भट्टीत जाते. जमिनीत उरते ते थोडे.

पाणी देणे : पोलादात साधारण ०.५ ते १ टक्का कार्बन असला की ते तापवून झटकन थंड केल्यावर कठीण होते. सु. ८०० अंश से. ला लोखंडाची स्फटिकरचना बदललेली असते आणि कार्बन तिच्यात विरघळलेला असतो. अचानक गारवा मिळाला की त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि रचना ताणलेलीच गोठते. असे पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा थोडे तापवून कडकपणा उतरवतात. घासून उजळ केलेल्या पोलादावर या वेळी रंग धावतात : सु. २०५ ते २३० अंशांना गवती पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. चिरण्याच्या सुरीला गवती ते तपकिरी छटा पुरते. निळे झालेले पोलाद स्प्रिंगला चांगले, धारेला मऊ. गावचा लोहार बहुधा एकाच तापात दोन्ही कामे उरकतो. तोंड पाण्यात बुडवून काढतो, पाठीत उरलेली धग धारेकडे सरकू देतो आणि हवा तो रंग धारेपाशी पोचताच सगळे पाते विझवतो. त्यामुळे धार कठीण आणि पाठ चिवट राहते. पोलाद तांबडे झाले, पण पुरेसे तापले का, हे चुंबकाने ओळखता येते, सु. ७७० अंशांवर लोखंड चुंबकाला ओढले जात नाही.

या विषयावरील जुना भारतीय मजकूर वराहमिहिराच्या (सहावे शतक) बृहत्संहितेतील खड्गलक्षण प्रकरणात आहे. शस्त्राला रक्त, तूप, पाणी, घोडी-उंटीण-हत्तिणीचे दूध अशी निरनिराळी द्रव्ये पाजण्याची फळे तेथे सांगितली आहेत. त्यांतली एक कृती केळीच्या क्षाराची आहे : तो ताकात मिसळून दिवसभर ठेवावा, त्यात पाजलेले आणि नीट धार लावलेले लोखंड दगडावर मोडत नाही, दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाही. हे विझवण्याचे द्रव्य होते की तापवण्यापूर्वी पात्याला फासायचा लेप, याविषयी मतभेद संभवतो. प्रकरणातील ‘पान’ हा शब्द पाहता पहिला अर्थ सरळ वाटतो. त्यामागे तथ्यही आहे. तापल्या धातूभोवती साध्या पाण्याच्या वाफेचा थर बसून गारवा अडतो. क्षार वा मीठ मिसळले की तो थर लवकर फुटतो आणि पोलाद अधिक वेगाने थंड होते. तूप याच्या उलट, आजच्या तेलाप्रमाणे, सावकाश थंड करते. खानदेश हा केळीचा प्रांत म्हणून या कृतीचा संबंध येथील लोहारकामाशी जोडण्याचा मोह होतो, परंतु त्याला आधार नाही. ग्रंथकार अवंतीचा, आणि इथली व्यापारी केळी त्या मानाने फार अलीकडची.

निवड : आज खानदेशात दोन प्रकारच्या सुऱ्या हाती येतात. एक, आठवडे बाजारात लोहार किंवा घिसाडी यांच्याकडे मिळणारी, ट्रकच्या जुन्या पाट्यापासून (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून) घडवलेली. दुसरी, कारखान्याची, बहुधा स्टेनलेस. पाट्याच्या पोलादात कार्बन सु. ०.५ ते ०.६ टक्के असतो. चिवटपणा भरपूर, धार मध्यम. ते पातळ असताना पाण्यात विझवले तर तडकू शकते, म्हणून तेलात विझवलेले पाते पसंत करावे. जुन्या कानशीपासून केलेल्या पात्यात कार्बन एक टक्क्याहून अधिक असल्याने धार उत्तम येते, पण कडकपणा नीट उतरवला नसेल तर दात उडतात. घेताना पात्याच्या कडेवर कानस हलकेच फिरवून पाहावी : ती लोण्यासारखी चावली तर पाणी दिलेले नाही, घसरली तर आहे. आकार, नक्षी, दातेरी पाठ यांपेक्षा ही एक परीक्षा अधिक सांगते.

खरा पेच जाडीचा आहे. लाकडाला पाठ जाड हवी, कांद्याला पातळ. पाच मिमी. पाठीचे पाते कांदा चिरत नाही, फोडते. बटाट्यात ते पाचरीसारखे अडकते. खानदेशापुरता हा पेच स्वयंपाकाच्या बाजूने सोडवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण सरपण. हिवाळ्यात शेतावर भरीत होते तेव्हा वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर, किंवा तुरीच्या काड्यांवर भाजतात. त्या हाताने मोडतात, फोडाव्या लागत नाहीत. सातपुड्यात सरपण जाड मिळते खरे, पण तेथला अंजन आणि धावडा इतके कठीण व जड, की पाठीवर दांडका मारून ते सुरीने फोडू पाहणारा सुरीच गमावतो. ते कुऱ्हाडीचे काम. सुरीच्या वाट्याला उरते ते मेखा टोकदार करणे, बांबूच्या कामट्या काढणे, मांस भाजायच्या काडीची साल सोलणे, पेटवणीसाठी ढलप्या काढणे. त्यासाठी अडीच ते तीन मिमी. पाठ, धारेकडे एकसारखे उतरत गेलेले पाते आणि दोन्ही बाजू मिळून सु. ३० अंशांची धार पुरेशी होते. पात्याची लांबी १० ते १२ सेंमी., रुंदी ३ सेंमी.च्या आसपास.

लांबी याहून जास्त का नसावी, याचे उत्तर विळीत आहे. विळीवर पाते स्थिर आणि भाजी हलती. त्या सवयीचा माणूस सुरी हातात आली तरी पाटावर ठेवून क्वचितच चिरतो. तो कांद्याची पात, लसूण, मिरची हातातच धरून अंगठ्याकडे कापतो. लांब, उंच पाते या पद्धतीला अडचणीचे होते. मुठीलगतचा बोटभर भाग बिनधारेचा असावा, म्हणजे लाकूड सोलताना बोट पुढे सरकवता येते. आडवी पट्टी (बोटांची आड) चिरताना अडते. ती नसलेली बरी. भरिताला तसे सुरीचे काम थोडेच : वांग्याला टोचे देणे, देठ उडवणे, हिरवी पात चिरणे. ठेचायचे काम लाकडी बडजीत (ठेचण्याच्या खोलगट भांड्यात) होते.

मूठ : बाभूळ व धावडा ही अवजारांच्या दांड्यांची नेहमीची लाकडे, आणि तीच सुरीला चालतात. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले आणि दोन-तीन खिळ्यांनी बसवलेले असावे. खिळे न मारता अणकुचीदार शेपूट लाकडात तापवून ठोकलेली आणि वर शेंबी (धातूचे कडे) चढवलेली मूठ स्वस्त असते. विळ्याला ती चालते, कारण विळा ओढायचा असतो. सुरी पिळली जाते. शिवाय जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, लाकूड आकसते आणि अशी मूठ खुळखुळू लागते. वर्षातून एकदोनदा जवसाचे तेल पाजले की आकसणे कमी होते.

निगा : साधे पोलाद केळीचा चीक, चिंच, लिंबू यांनी काळे पडते. चिकातल्या टॅनिनचा (तुरट द्रव्याचा) लोखंडाशी संयोग होऊन ही काळी छटा येते आणि ती अपायकारक नसते. तांबडा गंज वेगळा. सुरी धुऊन, पुसून, गोड्या तेलाचे बोट फिरवून ठेवावी. चामड्याच्या म्यानात ओली सुरी ठेवू नये. शिकलगाराच्या फिरत्या चाकावर धार झटपट येते, परंतु टोक निळे पडलेले दिसले तर तेवढ्या भागाचे पाणी गेले असे समजावे. घरी कार्बोरंडमचा दुहेरी दगड पुरतो.

कायदा : शस्त्र अधिनियम १९५९ व त्याखालील नियमांनुसार ९ इंचांपेक्षा (सु. २२.९ सेंमी.) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सु. ५.१ सेंमी.) रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात येतात, घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक वापरासाठी घडवलेली पाती यातून वगळली आहेत. वर सांगितलेल्या मापाची सुरी या मर्यादेच्या बरीच आत राहते. अभयारण्यात मात्र वेगळा नियम आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या व्याख्येत सुरीही शस्त्रांत धरली असून, कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात शिरता येत नाही. यावल (जि. जळगाव) आणि अनेर धरण (जि. धुळे) ही अभयारण्ये यात येतात, तेथे लाकूड तोडण्यालाही मनाई आहे. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका अशा काळात सुरे बाळगण्यास बंदी घालणारे आदेश निघतात. त्यांची हद्द व मुदत प्रत्येक आदेशात वेगळी असते.