टेम्पो ट्रॅव्हलरची घरगाडी करायची आहे? आरटीओची प्रक्रिया आणि कागदपत्रं

पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाचे, पैसे हातात आले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गाड्यांचे सौदे सुरू होतात. मी तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरून देतो, त्यामुळे सौद्याचा गोंधळ शेवटी माझ्या टेबलावर येतो. यंदा जवळच्या गावातल्या एका भाऊंनी शाळेची जुनी पिवळी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. वेल्डरकडून सगळी सीटं काढली आणि भंगारात घातली. आत दिवाण ठोकला, ओटा बसवला, टपावर पाण्याची टाकी चढवली. शेगाव, लोणार, चिखलदरा असं घरच्या सगळ्यांना घेऊन हिंडायचं, हॉटेलचा खर्च नाही, असा बेत होता. मग आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, घेऊन आले आणि म्हणाले, "आता हे यावर चढवून द्या."

कागदावर स्कूल बस, आसनं डझनावर. गाडीत आसनं दोन, बाकी दिवाण. काम नेमकं उलट्या क्रमानं झालं होतं.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ असं सांगतं की आरसीवरचा तपशील बदलेल असा बदल गाडीत मनानं करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानंही, उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द भाऊंना मी दोनदा वाचून दाखवले.

कायद्याच्या भाषेत घरगाडी म्हणजे मोटर कॅराव्हॅन. तिच्यात किमान चार सोयी लागतात: बसायची आसनं व टेबल, झोपायची जागा (सीटची खाट झाली तरी चालते), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा. हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं हवं, फक्त टेबल निघणारं चालतं. म्हणजे मागे गादी टाकली आणि शेगडी ठेवली, तेवढ्यानं कॅराव्हॅन होत नाही. आणि हीच आपल्यासारख्यांसाठी चांगली बातमी आहे, ती पुढे सांगतो.

परिवहन खात्याच्या ऑनलाइन प्रणालीत "मोटर कॅराव्हॅन" हा एक वर्ग आहे. "कॅम्पर व्हॅन" दोन प्रकारे दिसते, एक खाजगी वापराची आणि एक साधी. साधी म्हणजे भाड्यानं द्यायची, म्हणजे पिवळी पाटी, परमिट, फिटनेस सगळं आलं. फॉर्म भरणारा चुकीचा वर्ग निवडतो आणि नंतर निस्तरत बसावं लागतं, म्हणून पावती हातात घेण्याआधी वर्ग स्वतः वाचा.

आता मार्ग कोणते? नवी चासीस, म्हणजे बॉडी नसलेला गाडीचा सांगाडा, घेऊन मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून कॅराव्हॅन बांधून घेतली तर काम सरळ असतं, खिसा मात्र मोठा लागतो. चासीसला सहा महिन्यांपर्यंतची तात्पुरती नोंदणी मिळते. बॉडी झाली की नोंदणीचा फॉर्म २०, विक्रीचा फॉर्म २१ आणि फॉर्म २२अ लागतो. या २२अ चा पहिला भाग चासीस कंपनी देते आणि दुसरा बॉडी बिल्डर. बिल्डर दुसऱ्या भागावर सही करायला कां-कूं करत असेल तर त्याला आगाऊ रक्कम देऊ नका. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्था तपासणी करतात. "तुमच्याकडे त्यांचं प्रमाणपत्र आहे का?" एवढं बिल्डरला विचारा, बाकी कळून येतं.

जुनी गाडी बदलायची असेल तर पत्रा कापण्याआधी आरटीओकडे आराखड्यासह अर्ज करायचा. लेखी मान्यता आली की काम करायचं आणि झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीत नोंद करून घ्यायची. महाराष्ट्रात यासाठी बीटीआय फॉर्म भरतात. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, पॅन आणि चासीस नंबरचं पेन्सिल प्रिंट लागतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमतीही लागते.

पेन्सिल प्रिंट म्हणजे चासीसवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची. सोपं वाटतं, पण काळ्या मातीतून फिरलेल्या गाडीवर त्या जागी बोटभर चिखल आणि ग्रीस बसलेलं असतं. भाऊंच्या गाडीचा शेवटून तिसरा आकडा आठ की तीन, हे डिझेलनं पुसून उन्हात धरल्यावर कळलं. पॉलिश पेपरनं मात्र घासू नका. आकडा झिजला तर संशय तुमच्यावर येतो.

पिवळ्या पाटीची गाडी असेल तर त्याआधी आणखी एक फेरा आहे: परमिट जमा करणं, कर आणि ई-चलान चुकतं करणं आणि मग खाजगी वर्गात बदल. स्कूल बसचा पिवळा रंग बदलायचा तर तोही आरसीवरचा तपशीलच, त्यालाही आधी मान्यता लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

आपल्याकडे छिंदवाडा, बैतूल, आदिलाबादहून स्वस्त गाडी आणायची खोड आहे. तशी आणली तर तिकडच्या कार्यालयाची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते आणि इथे नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७ भरावा लागतो. कर इथे नव्यानं भरायचा असतो. हा हिशेब धरला की स्वस्ताई बरीच उतरते. आणि विकणाऱ्याशी फोनवर गोड बोलणं चालू ठेवा, कारण ऑनलाइन अर्जाचा ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातो. आधी मालकी नावावर, मग मोबाइल नंबर अद्ययावत, मगच बदलाचा अर्ज.

आता ती चांगली बातमी. वर्षातून दोन-तीन सहलीच करायच्या असतील तर गाडीला ड्रिल लावूच नका. सीटं जागच्या जागी ठेवा. घडीच्या गाद्या, सुटी पेटी, बाहेर मांडायची शेगडी, मागे बांधायची ताडपत्री एवढ्यावर भागतं. काहीच पक्कं बसवलं नाही, सीट कमी केली नाही, तर आरसीला हात लावायची गरज नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना मी हेच सांगतो, माझी फी बुडते तरी.

लायसन्सची चिंता कमी आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची गाडी एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालते. विम्याचं मात्र पक्कं करा. नोंदणीत बदल झाला की कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंद घ्या, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद ठरलेला. गॅससाठी घरचं १४.२ किलोचं सिलिंडर गाडीत फिरवू नका. ५ किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं. तेही चूल मांडताना बाहेर काढा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा बंद पत्र्याच्या डब्यात गॅस ठेवणं म्हणजे बह्याडपणा.

मुक्काम स्वतःच्या वावरात धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, केला तर कोणी विचारत नाही. पर्यटकांच्या घरगाड्यांना जागा भाड्यानं द्यायची असेल तर राज्याचं २०२१ चं कॅराव्हॅन धोरण बघा. त्यासाठीची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. ताडोबा-मेळघाटाकडे जाताना मात्र राखीव जंगलात रस्त्याकडेला गाडी लावून चूल पेटवू नका. भारतीय वन अधिनियम १९२७ खाली तो गुन्हा आहे. वेशीवरच्या गावात एखाद्याच्या अंगणात विचारून थांबा.

भाऊंनी शेवटी भंगारवाल्याकडून सीटं परत आणली. सगळी नाही मिळाली. दोन सीटं त्यानं वजनावर विकून टाकली होती, ती शोधणं चालू आहे.