घर बदलणारी मुले: ओरेगॉनच्या वाटेवरची आणि आजची

एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांतून अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या मुलांची आणि आज आईवडिलांच्या नोकरीमुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मुलांची तुलना केली, की सहसा एकच निष्कर्ष निघतो: तेव्हाच्या मुलांनी फार सोसले, आजच्यांचे सगळे सोपे आहे. या निष्कर्षात दोन गोष्टींची गल्लत झालेली असते. प्रवासाचे हाल वेगळे आणि मुळासकट उपटले जाणे वेगळे. पहिले कमी झाले म्हणून दुसरेही कमी झाले, असे धरून चालता येत नाही.

प्रवासापुरते पाहिले तर तुलनेला जागाच नाही. मिसूरीतील इंडिपेंडन्सपासून ओरेगॉनमधील विलामेट खोऱ्यापर्यंतची वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची होती आणि ती संपायला चार ते सहा महिने लागत. बैलांना चारा हवा म्हणून माळावर गवत उगवेपर्यंत निघता येत नसे आणि डोंगरांत बर्फ पडण्याआधी पलीकडे पोहोचणे भाग असे. गाडी पीठ, खारवलेले मांस, अवजारे आणि अंथरुणे यांनीच भरून जाई, त्यामुळे धडधाकट मुले बहुतेक वाट पायीच चालत. पटकीची साथ, नद्या ओलांडणे आणि गाडीची चाके ही मृत्यूची नेहमीची कारणे होती. १८४४ साली कॅथरिन सेगर चालत्या गाडीतून उतरताना चाकाखाली आली आणि तिचा पाय मोडला. पुढे त्याच प्रवासात तिचे आईवडील दोघेही वारले आणि सात भावंडे अनाथ झाली. १८४६ साली कॅलिफोर्नियाकडे निघून डोंगरातल्या बर्फात अडकलेल्या डॉनर तांड्यातून वाचलेल्या तेरा वर्षांच्या व्हर्जिनिया रीडने नंतर आपल्या मामेबहिणीला पत्रातून बजावले, की जवळच्या वाटेच्या मोहात पडू नका आणि होईल तितक्या लवकर पुढे चला. तिची आठ वर्षांची बहीण पॅटी हिने सामान मागे टाकावे लागले तेव्हा एक लहानशी लाकडी बाहुली कपड्यांत लपवून नेली.

मात्र या मुलांजवळ एक गोष्ट होती, जी हालांच्या वर्णनांत झाकली जाते. त्यांना काम होते. बायसनचे वाळलेले शेण सरपणासाठी वेचणे, गुरे राखणे, पाणी आणणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे ही कामे मुलांची होती आणि ती झाली नाहीत तर रात्रीची चूल पेटत नसे. शिवाय तांड्यात अनेकदा नातलग किंवा शेजारी सोबत असत, म्हणजे ओळखीच्या माणसांचा एक तुकडा मुलाबरोबरच सरकत असे. उपटले जाण्याचा घाव बसे तो मुख्यतः मागे राहिलेल्या आजीआजोबांच्या बाबतीत. त्यांची भेट बहुधा पुन्हा होत नसे. (ज्या जमिनीकडे हे तांडे निघाले होते ती रिकामी नव्हती, हेही येथे नोंदवायला हवे. १८३८-३९ मध्ये लष्कराच्या पहाऱ्यात हाकलल्या गेलेल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या कुटुंबांतील मुलांचा प्रवास याच काळातला असला, तरी तो या तुलनेच्या कोणत्याही बाजूला बसत नाही. ती हद्दपारी होती.)

आज सामान ट्रकमधून जाते आणि मूल विमानाने काही तासांत पोहोचते. त्याला करण्यासारखे काही उरत नाही, बहुतेक निर्णय त्याला नंतर कळतात आणि नव्या शाळेत ते एकटेच शिरते. शाळेचा फरक तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वसाहतींमधील एकखोली शाळेत सगळ्या वयांची मुले एकत्र बसत आणि प्रत्येक जण आपल्या वाचनाच्या पातळीनुसार पुढे जाई, त्यामुळे मध्येच आलेल्या मुलाची इयत्ता चुकण्याचा प्रश्न फारसा येत नसे. आजची शाळा इयत्ता, श्रेयांक आणि राज्यागणिक बदलणारा अभ्यासक्रम यांवर चालते. म्हणून मार्च महिन्यात झालेले स्थलांतर मुलाचे वर्ष विस्कटू शकते.

दुसरा फरक मुक्कामाचा आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्याला १६० एकर मिळत. सगळी कुटुंबे टिकली नाहीत, अनेक जण पुन्हा पुढे सरकले, पण निदान कुठे थांबायचे याचा हेतू स्पष्ट होता. याउलट एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात गेलेल्या मराठी कुटुंबातील मुलाचा एच-४ हा अवलंबितांना मिळणारा दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो. तोवर ग्रीन कार्ड हाती आले नाही, तर जिथे ते लहानाचे मोठे झाले तिथेच राहण्यासाठी त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो.

सैनिकांची मुले सर्वाधिक वेळा घर बदलणाऱ्यांत मोडतात. बालवाडी ते बारावी या काळात त्यांच्या सहा ते नऊ शाळा होतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यांच्यासाठी २००८ पासून अमेरिकेतील राज्यांनी एक करार स्वीकारायला सुरुवात केली आणि आता तो पन्नासही राज्यांत लागू आहे. त्यानुसार मूळ कागदपत्रे येण्याची वाट न पाहता नव्या शाळेने हाती असलेल्या नकलांवर प्रवेश द्यायचा असतो आणि राहिलेल्या लसींसाठी तीस दिवसांची मुदत मिळते.