मेंदू म्हणजे हार्ड डिस्क नव्हे

'आठवणी मेंदूत फाइलसारख्या जशाच्या तशा साठवलेल्या असतात' हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय. तसं नाही. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि त्यात फरक पडत जातो.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अपघाताची फिल्म दाखवली. वेग विचारताना काहींपुढे 'गाड्या जोरात आदळल्या' असा शब्द वापरला, काहींपुढे साधं 'धडकल्या'. आठवड्याने विचारलं: फुटलेली काच दिसली होती का? पहिल्या गटातल्या ५० पैकी १६ जण 'हो' म्हणाले, दुसऱ्यातल्या ५० पैकी ७. काच फुटलेली नव्हतीच! एका शब्दाने एवढं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझ्या जुन्या प्रोफाइल फोटोत शर्ट निळा आहे. मला तो आजही पांढराच आठवतो.