निळा फुगा, लाल रेघ आणि गरम पाणी

२०१८च्या ऑगस्टमध्ये जुहू आणि गिरगाव चौपाटीवर ब्लू बॉटल या जेलीफिशसारख्या जीवाने बऱ्याच जणांना डंख मारला, तेव्हा बातम्या झाल्या. एरवीही पावसाळ्यात वाऱ्याबरोबर हे जीव मुंबईच्या किनाऱ्याला लागतातच. ओल्या वाळूत चिमुकला निळा फुगा आणि त्याखाली गुंत्यात पडलेले दोऱ्यासारखे तंतू. मुलं तो पायाने फोडायला जातात. मग एकच किंकाळी, आणि पोटरीवर मण्यांच्या माळेसारखी लाल रेघ.

त्या तंतूंवर सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकीत विष आणि वेटोळं घालून बसलेली पोकळ नळी. स्पर्श झाला की नळी सुईसारखी कातडीत घुसते. त्यासाठी प्राणी जिवंत असावा लागत नाही, म्हणून मेलेल्यालाही हात लावायचा नाही. डंखानंतर कातडीला चिकटलेल्या तंतूंत न फुटलेल्या कुप्या उरलेल्या असतात. पहिली धडपड त्या न फोडण्याची हवी. वाळूने चोळलं, टॉवेलने खसाखसा पुसलं, बाटलीतलं गोडं पाणी ओतलं, की त्या फुटू शकतात. लघवीचा उपाय तर कृपा करून विसराच.

समुद्राच्याच पाण्याने धुवा. तंतू चिमट्याने किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून अलगद उचला. त्यानंतर गरम पाणी. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलजवळच्या किनाऱ्यांवर ब्लू बॉटलचा डंख झालेल्या ९६ जणांवर प्रयोग झाला. ४५ अंशांच्या पाण्याने वीस मिनिटांत ८७ टक्क्यांच्या वेदना कमी झाल्या, बर्फाने जेमतेम ३३ टक्क्यांच्या. चौपाटीवर थर्मामीटर कुठला? चहावाल्याकडून उकळतं पाणी घ्या, त्यात गार पाणी मिसळा आणि आधी स्वतःचा हात घालून बघा. सोसवेल इतकंच गरम हवं. लेकराची कातडी भाजायची नाही. गरम पाणी मिळेपर्यंत बर्फ पिशवीत घालून लावा.

व्हिनेगरबद्दल गोंधळ आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या जीवघेण्या बॉक्स जेलीफिशवर ते आधी ओततात, पण ब्लू बॉटलसाठी तिथल्याच प्रथमोपचाराच्या सूचना ते नको म्हणतात.

बहुतेकांचं दुखणं काही तासांत उतरतं. पण श्वास लागला, ओठ किंवा चेहरा सुजला, छातीत दुखलं, उलट्या सुरू झाल्या, भोवळ आली किंवा डंख डोळ्याला झाला, तर गरम पाण्याच्या शोधात वेळ घालवू नका. १०८ला फोन लावा, जीवरक्षकाला हाक मारा आणि माणसाला एकटं सोडू नका.